अर्धा कोयता, पूर्ण उचल

मुकादमाचं म्हणणं सरळ होतं. उचल पूर्ण कोयत्याची दिलीय, आता कोयता अर्धाच उरला, तर अर्धी उचल पोरीच्या बापानं भरावी. भरता येत नसेल तर पोरीला टोळीत बसवावं. हे सांगायला तो ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी केज तालुक्यातल्या एका वाडीवर, पोरीच्या माहेरी, टेम्पो घेऊनच आला होता. पोरगी घरात होती, बाहेर आली नाही. बापानं चहा पाजून, हातापाया पडून आठ दिवसांची मुदत घेतली.

ऊसतोडीशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. तोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. पावसाळ्यातच मुकादम, म्हणजे तोडीसाठी टोळी जमवणारा ठेकेदार, कोयत्याला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि मधल्या काळात तोडलेल्या टनांतून उचल फिटत जाते. नाही फिटली तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागतं. उचलीच्या कागदावर सही किंवा अंगठा नवऱ्याचा असतो. बायकोला विचारत नाहीत, मोजतात मात्र.

ती माझ्याकडं डिसेंबरात आली, तालुका विधी सेवा समितीमार्फत. (बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. हे वाड्या-तांड्यांवर अजून पोचलेलं नाही, म्हणून कंसात का होईना लिहिते.) ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी मी इथं बदलल्या आहेत, नावं तर कुणाचीच देत नाही. लग्न का मोडलं तेही सांगत नाही. मारहाण नव्हती, होतं ते वेगळंच, आणि वाटणीच्या हिशोबात त्याचं काम पडलं नाही.

आली तेव्हा गावच्या बैठकीत फारकत ‘होऊन गेली’ होती. शंभराचा बॉण्ड, नोटरीचा शिक्का, दोन्हीकडचे दोन-दोन साक्षीदार. शेवटची ओळ: ‘यापुढे उभयतांचा एकमेकांवर कसलाही हक्क, मागणी अगर देणेघेणे राहिलेले नाही.’ तिची सही होती. सही करताना काय वाचलंस, असं विचारलं तर म्हणाली, "वाचलं की. मला वाटलं, देणं राहिलं न्हाई म्हंजी उचल बी सुटली."

तो कागद घटस्फोट नव्हे, हे तिला आणि तिच्या बापाला समजवायला माझा एक सबंध तास गेला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ नं रूढीची काडीमोड राखून ठेवली आहे, पण तशी रूढी आपल्या जातीत पूर्वापार चालत आलीय हे कोर्टात शाबीत करावं लागतं. नुसता बॉण्ड पुरत नाही. त्या कागदावर विसंबून दोघांपैकी कुणी दुसरं लग्न केलं असतं तर ते पहिलं लग्न टिकून असताना केलेलं दुसरं लग्न ठरलं असतं, म्हणजे गुन्हा. आमच्या भागात दर लग्नसराईत असे बॉण्ड लिहिले जातात. आता शंभराचा बॉण्ड बंद होऊन पाचशेचा झाला, एवढाच काय तो फरक.

कुणाच्या नावावर काय

लग्न मे २०२२ चं. ती बारावी झालेली, एकवीस वर्षांची. तो पंचविशीचा, धारूरच्या डोंगरातल्या गावचा. सासऱ्याच्या सातबाऱ्यावर दोन एकर माळरान. संसार चालला पंधरा महिने, त्यातले साडेचार-पाच महिने कोल्हापूरकडच्या उसाच्या फडात, पाचटाच्या खोपीत.

उचलीपासून सुरुवात करते. ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली उचल घेतली, १ लाख रुपये. त्यातले ६० हजार नवऱ्याकडच्यांनी लग्नासाठी काढलेलं देणं फेडण्यात गेले, उरलेले घरात आणि बी-बियाण्यात. हंगाम संपला तेव्हा बाकी अंगावर राहिली. त्या बाकीवर जुलै २०२३ मध्ये दुसरी उचल घेतली, १ लाख २० हजार. त्यातून सासऱ्याच्या रानात बोअर पडला, मोटर बसली, ८० हजार तिथं गेले. ४० हजार नणंदेच्या बाळंतपणात. सही दोन्ही वेळा त्याचीच.

मधल्या एप्रिलात तिच्या नावावर गटाचं कर्ज काढलं, ५० हजार. दहा-बारा बायांचा गट, खासगी कंपनीचा माणूस दर पंधरवड्याला येऊन हप्ता गोळा करतो, ते कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं विनातारण कर्ज देता येतं, आणि सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नये. उत्पन्न धरताना नवरा-बायको दोघांचं धरतात. सही मात्र बाईची, कारण कंपन्यांचा अनुभव असा की बाई हप्ता बुडवत नाही. या ५० हजारांतले ३० हजार मोटरसायकलच्या डाऊन पेमेंटला गेले आणि २० हजारांच्या दोन शेळ्या आल्या. गाडी त्याच्या नावावर.

जूनमध्ये तिचं गंठण गहाण पडलं. दहा ग्रॅमचं, माहेरचं. त्यावर ३५ हजार उचलले, सासऱ्याच्या दवाखान्यासाठी. त्यातले १२ हजार तिच्याच कावीळीच्या औषधपाण्याला लागले, असं नवऱ्याकडचे सांगत होते आणि ते खरंही होतं.

त्या वर्षी श्रावण अधिक होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. धोंड्याचा महिना, म्हणून बापानं जावयाला जेवायला बोलावलं आणि तीन ग्रॅमची अंगठी घातली. पाच दिवसांनी पंचमी. पंचमीला लेक माहेरी आली ती परत गेली नाही.

याशिवाय लग्नात दिलेले रोख १ लाख. बोलीत त्याला ‘मानपान’ म्हणत होते. आणि संसार: कपाट, दिवाण, कूलर, भांडी.

हे सगळं मी एका मोठ्या कागदावर मांडलं. डावीकडं वस्तू, उजवीकडं कर्ज, पुढं कुणाचं नाव. मांडून झाल्यावर एक गोष्ट डोळ्यात भरली. दुसऱ्या उचलीचा बोअर सासऱ्याच्या रानात, गटाच्या कर्जाची गाडी नवऱ्याच्या नावावर, गंठणाचे पैसे सासरच्या दवाखान्यात. आणि कर्जापैकी एक तिच्या नावावर, एक तिच्या दागिन्यावर, तिसरं तिच्या हातांवर.

कायदा इथं फारसा कामाला येत नाही. लग्नानंतर मिळवलेलं दोघांचं निम्मं-निम्मं, असा नियम आपल्याकडं नाही. गोव्यात आहे, पोर्तुगीज काळापासूनच्या संहितेमुळं. बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा द्यायची तरतूद असलेलं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण त्याचा कायदा काही झाला नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे, ते लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास आलेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरतं. सासरा जिवंत असताना त्याच्या रानात सुनेला काही मागता येत नाही, आणि बोअर काही उपसून वाटता येत नाही. थोडक्यात, ज्याचं नाव त्याचं धन आणि ज्याची सही त्याचं कर्ज. नोकरदार जोडप्याच्या बाबतीत हा नियम थोडाफार चालून जातो. इथं तो लावला असता तर ती गटाच्या कर्जाचे उरलेले ४० हजार डोक्यावर घेऊन मोकळी झाली असती, आणि गाडी दुसऱ्याच्या दारात.

म्हणून मी प्रत्येक कर्जापुढं आणखी तीन रकाने काढले. पैसा कुठं गेला? त्यातून आलेली वस्तू आज कुणाच्या दारात आहे? आणि आजवर जे फिटलं ते कुणाच्या कष्टानं? तिसऱ्या रकान्यासाठी पुरावा लागणार होता, आणि टोळीत कोण कुणाला पावती देतं?

वही

दुसऱ्या भेटीत तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली. उघडली तर बारावीचं अर्थशास्त्र. मागणीचा नियम, त्याचे अपवाद, शाईनं अधोरेखित केलेली व्याख्या. मी तिच्याकडं बघितलं. तिनं वही उलटी केली आणि मागच्या बाजूनं उघडली.

मागच्या बाजूनं अख्खा हंगाम होता. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, फड कुणाचा, खेपा, वजन, कोयते, आपले टन. कोपरे दमट होऊन फुगलेले, मधली दोन पानं पाचटाच्या धारेनं फाटलेली आणि भाताच्या शितांनी चिकटवलेली. ‘१५ जानेवारी, संक्रांत. फड चालू. २.१.’ तीन ठिकाणी टनांच्या रकान्यात ‘खाडा, ताप, ५००’. खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस, आणि ५०० म्हणजे त्याचा दंड. एकूण कामाचे दिवस ११८, वाट्याचे टन २४०.

"कुणी सांगितलं होतं लिहायला?"

"कुणीच न्हाई. रातच्याला झोप येत नव्हती हातानं."

हातानं म्हणजे हात ठणकत म्हणून, हे मला जरा उशिरा कळलं.

त्या हंगामात तोडणीचा दर टनाला पावणेतीनशेच्या अलीकडं-पलीकडं होता. (२०२४ च्या जानेवारीत तो ३४ टक्क्यांनी वाढला, पण तिच्या टनांना त्याचा उपयोग नव्हता.) टनाला २७४ धरले तर २४० टनांचे ६५,७६० होतात. मुकादमाच्या वहीत याच कोयत्याचे टन होते २०६. चौतीस टनांची तफावत, म्हणजे नऊ हजारांच्या वर. मुकादम म्हणाला, पोरीच्या लिहिण्यात चूक असंल.

चूक नव्हती. तिच्या वहीत टोळीचं एकूण वजनही होतं, २,८८० टन, आणि भागाकार १२ नं केलेला, कारण टोळीत कोयते बारा. मी २,८८० ला १४ नं भागून बघितलं, उत्तर २०६ च्या जवळ आलं. मग मुकादमाला विचारलं, वरचे दोन कोयते कुणाचे? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, भावाचे. ते दोन कोयते फडात कुणी पाहिलेले नव्हते.

एवढं झाल्यावर बोलणी सोपी झाली असं मात्र समजू नका. तो अनुभवी माणूस होता. मी त्याला सांगितलं की सही तिची नाही, नवऱ्याच्या सहीनं बायको देणेकरी होत नाही, आणि आगाऊ पैशापोटी एखाद्याला कामावर ओढून नेणं हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, सही त्याची हाय, कबूल. पण पोरगी नसती तर म्या त्या एकट्याला १ लाख २० हजार दिले असते का?"

प्रश्न खोटा नव्हता. त्यानं दोघांच्या हातांवर पैसे दिले होते. कायदा माझ्या बाजूनं होता, पण त्याचा व्यवहारही त्याच्या जागी खरा होता, आणि त्याच्या डोक्यावर कारखान्याच्या वाहतूकदाराचा तगादा होता. मी त्याला उलट एवढंच विचारलं: पहिल्या हंगामात ६५ हजार फिटले, त्यातले निम्मे तिचे, म्हणजे ३२,८८० रुपयांचं त्यांच्या घरचं देणं तिनं आधीच फेडलंय, मग आता ती कुणाची देणेकरी? बोअरची?

"बोअरची न्हाई," मुकादम म्हणाला. पहिला तिढा तिथं सुटला.

बैठक

खरी बोलणी सुरू व्हायला एप्रिल २०२४ उजाडला, कारण नवरा कोल्हापूरकडं होता. बायको नाही म्हणून अर्धा कोयता होतो आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही, तेव्हा त्यानं जोडीला आईला नेलं. पन्नाशी उलटलेली बाई, मोळ्या बांधायला. बैठकीला आली तेव्हा बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. माझी अशील तिच्याजवळ जाऊन बसली आणि "आत्याबाई, हळद लावली का?" असं विचारलं. दोन्ही वकील कागदात डोकं घालून बसलो.

पहिल्या उचलीची बाकी आधी काढली. उचल १ लाख, हंगामातली खर्ची, म्हणजे फडावर असताना खर्चाला घेतलेले पैसे, १४ हजार, खाड्यांचा दंड दीड हजार. वजा वहीप्रमाणे ६५,७६०. उरले ४९,७४०. मुकादमाचा आकडा ५९ हजारांच्या घरात होता. पन्नासवर मिटलं. ते ५० हजार आणि दुसरी उचल १ लाख २० हजार, मिळून १ लाख ७० हजार नवऱ्याच्या एकट्याच्या नावे राहिले. त्यानं खळखळ केली नाही. तो स्वभावानं वाईट नव्हता, हे इथं लिहून ठेवते.

गटाच्या कर्जाचं वेगळं होतं. ते बंद करायला कंपनीनं सांगितलेला आकडा ४० हजारांचा. नवऱ्याचा वकील म्हणाला, कर्ज तिचं, ती बघेल. मी म्हटलं, कर्ज वस्तूमागं जाईल. ५० तले ३० गाडीत, २० शेळ्यांत. तेव्हा उरलेल्या ४० तले २४ गाडीवाल्याचे, १६ शेळीवालीचे. शेळ्या तिच्या. याला सगळ्यांनी मान डोलावली, कारण हा हिशोब रानातल्या माणसाला लगेच कळतो.

अडलं ते करडांवर. दोन शेळ्यांना मधल्या काळात तीन करडं झाली होती. शेळ्या तिच्या तर करडंही तिची, हा माझा युक्तिवाद. सासरा, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "आठ महिने चारली कुणी?" आणि तो बरोबर होता. आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात. मालक एक, राखणारा दुसरा, पिलं निम्मी. तोच रिवाज लावला. एक करडू तिला, एक त्यांना, तिसरं बोकड होतं ते विकून पैसे निम्मे. सबंध बैठकीत सगळ्यात जास्त वेळ त्या बोकडावर गेला. मला आधी चिडचिड झाली, नंतर नाही. लाखाचे आकडे कागदावरचे, बोकड डोळ्यासमोरचं.

दागिन्यांबाबत कायदा स्वच्छ आहे. लग्नात बाईला मिळालेलं, माहेरचं असो की सासरचं, ते स्त्रीधन. ती एकटीच त्याची मालक, आणि नवऱ्याच्या ताब्यात असेल तर ते त्याच्याकडं ठेव म्हणून. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे सांगितलं, आणि तेव्हापासून ते कायम आहे. त्यामुळं गंठण सोडवून देणं नवऱ्याकडं. एक गोष्ट मी हट्टानं लिहून घेतली: ‘गंठण, वजन दहा ग्रॅम, जसेच्या तसे’. रुपये लिहू दिले नाहीत. लग्नाच्या वेळी सोनं तोळ्याला ५० हजारांच्या थोडं वर होतं, बैठकीच्या वेळी ७० च्या पुढं. रुपयांत लिहिलं असतं तर तिचं तीन ग्रॅम सोनं नुसत्या कागदात वितळलं असतं. नवीन वकिलांना मी हेच सांगते, दागिना ग्रॅममध्ये लिहा.

कावीळीचे १२ हजार कापून घ्यायला ती स्वतःहून तयार झाली. "कुणाचं ठिवायचं न्हाई मला." मी तिला बाहेर नेलं, व्हरांड्यात. म्हटलं, बायकोचं औषधपाणी हे नवऱ्यानं करायचंच असतं, ते उपकार नव्हेत आणि उसनवारीही नव्हे. आज १२ हजार मान्य केलेस तर उद्या ते जेवणाचा हिशोब काढतील. ऐकलं तिनं, पण नाराजीनं.

अंगठी मात्र जावयाची. धोंड्याच्या महिन्यात घातलेलं वाण परत मागता येत नाही, असं मी बापाला सांगितलं, त्याला ते पटेना. इकडं तिच्या गळ्यात सासरच्या वाट्या होत्या, चार ग्रॅमच्या, त्या कायद्यानं तिच्या आणि तिला त्या नको होत्या. शेवटी अंगठी इकडं आली, वाट्या तिकडं गेल्या. एक ग्रॅम जास्त गेलं. तिनं नको म्हटलं की विषय संपला, तिथं कायदा शिकवायचा नसतो.

भांड्यांवरून वाद होईल असं वाटलं होतं, झाला नाही. आहेराच्या भांड्यांवर देणाऱ्याची नावं आणि तारीख कोरलेली असते. मामाची घागर, मावशीचा डबा, सगळं मशीननं कोरलेलं. याहून चांगला पुरावा मी कोर्टात पाहिलेला नाही. कूलर गंजला होता, तो तिथंच राहू दिला.

मानपानाचा लाख

बापाला लग्नाचा सगळा खर्च हवा होता, अडीच लाख. जेवणावळ, मंडप, बँड. तो मिळत नसतो. दोन्हीकडचे जेवून गेले, संपलं. पण रोख लाखाचं तसं नाही. हुंडा घेणं आणि देणं दोन्ही १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्याच कायद्याचं कलम ६ असं की हुंडा दुसऱ्या कुणी घेतला असेल तर त्यानं तो तीन महिन्यांत त्या बाईच्या हवाली करायचा. तोवर तो तिच्यासाठी सांभाळलेला पैसा. बाप ‘हुंडा दिला’ असं लिहायला घाबरत होता, देणाराही अडकतो म्हणून. पीडित पक्षानं केलेल्या निवेदनावरून त्याच्यावरच खटला भरता येत नाही, हे कलम ७ मध्ये आहे. ते वाचून दाखवलं तरी त्याची भीती गेली नाही, म्हणून तडजोडीत ‘लग्नाच्या वेळी दिलेली रक्कम’ असं लिहिलं.

दुसरी अडचण यापेक्षा नाजूक होती. कलम ६ प्रमाणे तो लाख पोरीचा, बापाचा नाही. आणि बापानं तो शेकडा तीननं, म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपयांनी, गावातल्या विनापरवाना सावकाराकडून आणलेला. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली तक्रार करा, उपनिबंधकाकडं अर्ज मी लिहून देते, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, धाकटीच्या टायमाला परत त्याच्याच दारात जायचंय." मी पुढं बोलले नाही. पैसे तिच्या खात्यावर घ्यायचे हे मात्र सोडलं नाही. नंतर तिनं त्यातले ५० हजार बापाला दिले. तो तिचा निर्णय.

राहिली पोटगी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्याच निकालात हेही आहे की लग्न किती काळ टिकलं याचा कायमच्या पोटगीत विचार व्हावा. पंधरा महिन्यांचं लग्न, मूल नाही, नवऱ्याच्या शपथपत्रात १ लाख ७० हजारांची उचल: मोठी रक्कम मागण्यात अर्थ नव्हता. मी ३५ हजार मागितले. नाव पोटगीचं, खरं तर ते तिच्या अर्ध्या टनांचे पैसे होते, ३२,८८० आणि वर थोडे. बोअरचं पाणी ज्यांच्या रानाला लागलं त्यांनी ते द्यावेत, एवढंच माझं म्हणणं. टनांचे पैसे म्हणून मागितले असते तर कुठल्याच कलमात बसले नसते.

कागद

तडजोडपत्र जून २०२४ मध्ये झालं. त्यातल्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या.

नवरा-बायकोनं आपसात ‘हे कर्ज मी फेडीन’ लिहिलं तरी सावकार त्यानं बांधला जात नाही. ज्याची सही, त्याच्याच दारात तो येणार. म्हणून मुकादमाला कागदावर आणलं. ‘सदर उचलीपोटी मुलीकडून अगर तिच्या माहेरकडून माझे काही येणे नाही’ असं त्याच्याकडून स्वतंत्र लिहून, सही-अंगठ्यासह घेतलं. कंपनी असलं काही लिहून देत नाही, तिच्याशी एकच मार्ग, कर्ज संपवणं. नवऱ्यानं २४ हजार आणि तिनं १६ हजार एकाच दिवशी भरले, आणि नो ड्यूज दाखला हातात पडल्यावरच घटस्फोटाच्या अर्जावर सह्या केल्या. हा क्रम उलटा केला असता तर डिक्री मिळाली असती आणि हप्ते तिच्या नावावर चालू राहिले असते. तिचे १६ हजार कुठून आले? बोकडाचे निम्मे, आणि भावानं दिले.

दुसरी गोष्ट म्हणजे बॉण्ड. जुना फारकतनामा रद्द, असं स्पष्ट लिहिलं. ‘देणेघेणे राहिले नाही’ ही ओळ शेवटपर्यंत टांगलेली ठेवण्यात काही शहाणपण नव्हतं.

परस्परसंमतीचा अर्ज वर्षभर वेगळं राहिल्याशिवाय करता येत नाही. २१ ऑगस्टला वर्ष भरलं, सप्टेंबरात अंबाजोगाईला अर्ज दाखल केला आणि मानपानाचा लाख व पोटगीचे ३५ हजार मिळून १ लाख ३५ हजारांपैकी ५० हजार तिच्या खात्यावर आले. अर्जानंतर थांबायचे सहा महिने माफ होऊ शकतात असं २०१७ च्या अमरदीप सिंग निकालात आहे, पण त्यासाठी आधीच दीड वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. इथं तेरा महिनेच झाले होते. थांबलो. तेवढ्यात हंगाम आला आणि तो आईला घेऊन परत गेला.

मार्च २०२५ मध्ये पट्टा पडल्यावर दुसरी तारीख लागली. उरलेल्या ८५ हजारांचा डीडी त्यानं आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, खिशात. गंठण जुन्या मखमली डबीत. तिनं डबी उघडून बघितली, वजन करायला मीच लावलं, दहा ग्रॅम भरलं. न्यायाधीशांनी दोघांना नेहमीचे प्रश्न विचारले. पाच मिनिटांत झालं.

बाहेर आल्यावर तिनं वही मागितली. हिशोबासाठी ती माझ्याच कपाटात होती. तिला डी.एड.ला जायचं होतं, बारावीच्या नोट्स कशाला लागतील ते मी विचारलं नाही.

तो जिन्याजवळ थांबला होता. त्याच्या वकिलानं मला आधीच सांगितलं होतं, ८५ हजारांत निम्म्याहून जास्त पैसा येत्या हंगामाच्या उचलीचा इसार आहे. माझ्याकडं येऊन तो म्हणाला, "मॅडम, डिक्रीची नक्कल कधी मिळंल?"

"पंधरा दिवसांत. घाई आहे का?"

"सोयरीक आलीय एक. अन् मुकादमाला दाखवायचीय. पूर्ण कोयता धरायचा तर नक्कल आण म्हणलाय."